पूर्ण भरलेलं नाणं

बाजारात लोक त्यांना तोंडावर ‘काका’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘मिलिग्राम’. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला दाद द्यायला हवी. चाळीस वर्षं तराजू आणि वजनं दुरुस्त करणारा हा माणूस घरी चहात साखर घालतानासुद्धा चमचा डोळ्यांसमोर धरून आधी सपाट करायचा, मग कपात सोडायचा. बायको म्हणायची, “अहो, घाला ती एकदाची. कुणी इन्स्पेक्टर येत नाहीये बघायला.” ते हसायचे आणि दुसरा चमचाही तसाच सपाट करायचे.

दुकान म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतली एक खोली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेली पितळी पारडी, साखळ्यांचे गुंते, खाली लोखंडी वजनांची रांग, आणि खिडकीपाशी काचेच्या पेटीत बंद असलेला नाजूक काटा. त्या काट्याजवळ शिंकायचीही परवानगी नव्हती. काम साधंच होतं. दुकानातलं वजन वापरून वापरून झिजतं. पाच किलोचं वजन दिवसातून शंभर वेळा उचललं, आपटलं, की दोन वर्षांत चार-सहा ग्रॅमनं हलकं होतं. मग काका त्याच्या बुडाच्या भोकात शिसं ओतून ते पुन्हा पुरं करायचे. शिसं जास्त झालं तर कानस मारून तेवढं काढायचे. त्यावर सरकारी शिक्का बसायचा आणि दुकानदार छाती फुगवून परत जायचा. शिसं ओतणं आणि कानस मारणं, एवढ्यावर काकांनी संसार केला, मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावलं. कुणाकडून कधी वाकडा शब्द ऐकला नाही.

नाण्यांचं वेड लागलं तेही एका तराजूपायीच. एका किराणा दुकानदाराचं पारडं एका बाजूला झुकत होतं. काकांनी ते उलटं करून पाहिलं तर खाली मेणानं चिकटवलेलं एक काळपट चकतीवजा काहीतरी. दुकानदाराच्या आजोबांनी दोन्ही पारडी सारखी करायला पासंग म्हणून लावलेलं. मेण खरवडलं तर आतून कुरळ्या केसांचा, भल्याथोरल्या नाकाचा एक राजा बाहेर आला. स्पेनचा राजा. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी स्पेनची सत्ता मेक्सिको आणि पेरूवर होती, तिथल्या डोंगरांतून चांदी निघायची आणि तिथेच तिची नाणी पाडली जायची. आठ रियालचं एक नाणं, तळहातात बसेल एवढं, आणि जहाजांतून जगभर फिरलेलं. ज्या बंदरात जाईल तिथे चालायचं, कारण चांदी चोख आणि वजन ठरलेलं. सत्तावीस ग्रॅम आणि वर सात शतांश. काकांना हे कळलं तेव्हा त्यांना त्या राजाविषयी एकदम आपुलकी वाटली. वजनाला इतका जपणारा माणूस त्यांना बाजारात कधी भेटला नव्हता.

वेड एकट्यानं पोसता येत नाही. जोडीला होता जुळारी. तो छापखान्यात खिळे जुळवायचा, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं एकेक करून ओळीत लावायचा. त्यामुळे उलटी, पुसट, अर्धी गेलेली अक्षरं वाचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नाण्याच्या कडेनं काय लिहिलंय, कुठल्या टांकसाळीची खूण आहे, साल कोणतं, हे जुळारी वाचायचा. वजन मिलिग्राम करायचे. दोघांची वाटणी ठरलेली. सोनारांच्या मोडीच्या डब्यांतून, जुन्या दागिन्यांच्या लोलकांतून, बंदराजवळच्या भंगारवाल्यांकडून त्यांनी वेचून वेचून नाणी जमवली. काकांनी आपली पंधराच्या पुढे जाऊ दिली नाहीत, कारण त्यापुढे बायको घरात घेणार नव्हती. जुळारीची सदतीस झाली. जुळारी त्यांना ‘मिल्या’ म्हणायचा. असं म्हणणारा तो जगात एकटाच.

दोघांकडेही एक नाणं नव्हतं. राजाचं तोंड असलेल्या नाण्यांच्या आधीचं, दोन खांबांचं. एका बाजूला समुद्राच्या लाटांवर दोन खांब, त्यांच्यामध्ये पृथ्वीचे दोन गोल, वर मुकुट. सव्वीस वर्षांपूर्वी बाहेरगावचा एक व्यापारी ते घेऊन दुकानात आला. पैसे नकोत म्हणाला, बदल्यात तीन नाणी द्या. तीन म्हणजे जुळारीच्या संग्रहाचा जीवच. तो तेव्हा दुकानातच बसला होता. त्यानं भिंग लावून अक्षरं वाचली, ती बरोबर होती. मग त्यानं नाणं काकांसमोर धरलं.

“मिल्या, तू सांगशील ते.”

काकांनी काचेची पेटी उघडली. काटा हलला, डुलला, थांबला. सत्तावीस पॉइंट शून्य सात. शतांशाचाही फरक नाही! काकांना इतका आनंद झाला की ते व्यापाऱ्यासमोरच बोलून गेले, “डोळे मिटून घे. पूर्ण भरलंय.”

जुळारीनं डोळे मिटून घेतलं. पुढली सव्वीस वर्षं ते नाणं त्याच्या उशापाशी होतं. छापखाना बंद पडला, हाताला काम राहिलं नाही, डोळ्यांत मोतीबिंदू आला, तरी संध्याकाळी तो ते तळहातावर घेऊन बसायचा. वहिनी, म्हणजे जुळारीची बायको, शाळेचे गणवेश शिवायच्या. मशीन चालवता चालवता म्हणायच्या, “सवत आणून बसवलीय घरात.” पण म्हणताना आवाजात राग नसायचा.

गेल्या वर्षी जुळारी गेला. जाण्याआधी तो वहिनींना म्हणाला होता की नाणी विकू नका, गावच्या संग्रहालयाला द्या. वहिनींनी चार खेटे घातले. संग्रहालयाच्या बाई तरुण पण कामाला चोख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक काचेचं कपाट द्यायचं कबूल केलं. त्यावर जुळारीचं नाव लागणार होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं जुळवणाऱ्या माणसाचं नाव पहिल्यांदा कुठेतरी लागणार, म्हणून वहिनी महिनाभर जमिनीवर नव्हत्या. बाईंनी फक्त एक यादी मागितली. प्रत्येक नाण्याचं साल, टांकसाळ, वजन. गुरुवारी त्या नाणी न्यायला येणार होत्या.

वहिनी लाकडी पेटी घेऊन दुकानात आल्या. “भावजी, हे तुम्हीच करायचं. ह्यांना दुसऱ्या कुणाचं वजन चाललं नसतं.”

रविवारी दुपारी बाजार बंद असताना काकांनी पेटी उघडली. जुळारीच्या वळणदार अक्षरांतल्या चिठ्ठ्या पाहून त्यांचे डोळे भरून आले. मग चष्मा पुसून कामाला लागले. सव्वीस पॉइंट एकाहत्तर. सव्वीस पॉइंट अठ्ठावन्न. सव्वीस पॉइंट आठ. प्रत्येक नाणं थोडं थोडं कमी, आणि ते तसंच असायचं. हजारो हातांतून गेलेली चांदी, थोडी तरी झिजणारच. छत्तीस नाणी झाली. सदतिसावं, दोन खांबांचं, त्यांनी गोडाचा घास राखावा तसं शेवटी ठेवलं होतं.

सत्तावीस पॉइंट शून्य सात.

काका सव्वीस वर्षांपूर्वीसारखेच हसले. पेन्सिल उचलली, आकडा लिहिला, आणि त्यांची नजर वरच्या छत्तीस आकड्यांवरून खाली घरंगळत आली. ते थांबले. नाणं पुन्हा हातात घेतलं. लाटा पार पुसलेल्या. खांबांवरचे मुकुट टकलासारखे गुळगुळीत. ते नाणं पेटीतल्या सगळ्यांत जास्त झिजलेलं होतं. मग झिजलेली चांदी गेली कुठे?

झिजलेलं वजन पुरं भरत नाही! हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? याच गोष्टीवर तर ते चाळीस वर्षं जेवत होते. कुणी दुकानदार घासून गुळगुळीत झालेलं वजन घेऊन आला आणि ते काट्यावर पूर्ण भरलं, तर काका त्याला लगेच विचारायचे, शिसं कुणी घातलं? आणि इथे त्यांनी एका अक्षरानंही विचारलं नव्हतं. बाजारात कमी भरेल ते खोटं, या एका सवयीनं त्यांचा घात केला होता. कुणीतरी झिजलेल्या नाण्याचा साचा घेऊन, पुस्तकात वजन वाचून, अगदी शतांशापर्यंत जुळवून नक्कल ओतली होती. अक्षरं खऱ्या नाण्याचीच उतरलेली, म्हणून जुळारी फसला. वजन पुस्तकातलं, म्हणून मिलिग्राम फसले. आणि तीन खरी नाणी गेली.

आता पुढचं सांगायला मला आवडत नाही. या माणसानं आयुष्यात काट्याला खोटं बोलायला लावलं नव्हतं. पण भीती फार चमत्कारिक गोष्ट आहे. गुरुवारी बाई येणार. त्या तरुण, शिकलेल्या. सहा आकड्यांपर्यंत वजन दाखवणारं यंत्र घेऊन बसणार. झिजलेलं नाणं आणि पूर्ण वजन, हे त्यांच्या लक्षात यायला पाच मिनिटं पुरे. मग गावभर होणार की जुळारी खोटं नाणं उराशी धरून मेला आणि मिलिग्रामनं ते खरं ठरवलं होतं. काकांनी उजवीकडे हात नेला. बारीक कानस तिथेच होती, नेहमीच्या जागी. तीन-चार दशांश ग्रॅम काढले की झालं. सव्वीस पॉइंट सात. बाकीच्यांसारखंच. चाळीस वर्षं हेच तर करत आलो, जास्त झालेलं काढायचं.

नाणं त्यांनी चिमट्यात धरलं आणि काठावर कानस ओढली. एकदा. दुसऱ्यांदा. टेबलावर चिमूटभर भुकटी पडली. काठावर ताजी रेघ उघडी पडली होती आणि आतला धातू चांदीसारखा पांढरा नव्हता, पिवळसर होता. उरलासुरला संशयही मिटला. पण काका त्या धातूकडे पाहत नव्हते. ते आपल्या हाताकडे पाहत होते. जुळारीचं नाणं, जुळारी गेल्यावर, आणि त्यावर आपण कानस चालवतोय. त्यांनी कानस ठेवली, ती घरंगळून खाली पडली, ती उचलायचंही सुचलं नाही.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगून टाकलं. बायको फटकळ, पण प्रसंगाला पक्की. भाजी चिरायची थांबली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चूक झाली ती झाली. पण कानस? अहो, तुमची मती कुठे चरायला गेली होती?”

“घाबरलो गं.”

“मग उद्या सकाळी जा आणि दोन्ही सांगा. नुसती चूक सांगून कानस गिळलीत, तर मी जाऊन सांगेन.”

ती सांगायला गेली असती, यात काकांना तिळमात्र शंका नव्हती.

सोमवारी सकाळी वहिनी मशीनवर बसल्या होत्या. बाजूला निळ्या चड्ड्यांचा ढीग. काकांना पाहून त्यांचा चेहरा खुलला. “झाली यादी?”

काकांनी पेटी आणि यादी टेबलावर ठेवली, पण बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. दोन खांबांचं नाणं नक्कल आहे. मी खरं म्हणालो म्हणून त्यानं घेतलं. माझी चूक, त्याची नाही. वहिनी ऐकत राहिल्या. पायाखाली मशीन चालूच होतं. त्यांनी हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, मग मान वर केली.

“म्हणजे सव्वीस वर्षं हे रोज संध्याकाळी एक खोटं नाणं हातात घेऊन बसायचे.”

“हो. माझ्यामुळे.”

वहिनींनी पेटी जवळ ओढली, नाणं बाहेर काढलं आणि उजेडात फिरवलं. आयुष्यभर टाके तपासणारे डोळे ते. काठावर येताच थांबले.

“हे काय? हे नव्हतं आधी.”

काका म्हणाले, “कानस मारली. काल. मी.”

“कशाला?”

“वजन कमी करायला. बाईंना खरं वाटावं म्हणून.”

वहिनींनी नाणं पेटीत परत ठेवलं. मग वहिनी बोलल्या, आणि आवाज चढला नाही म्हणूनच काकांना तो जास्त लागला. “भावजी, तेव्हाची चूक मी समजू शकते. माणूस आहे, चुकतो. ह्यांनीपण हजार चुका जुळवल्या असतील छापखान्यात. पण काल काय चुकून झालं?”

वहिनींनी पेटीतल्या बाकीच्या नाण्यांकडे बोट केलं.

“आणि बाकीची छत्तीस? ती पण तुम्हीच खरी म्हणून सांगितलेली. आता मी कुणावर विश्वास ठेवू?”

हे मात्र काकांच्या ध्यानीमनी नव्हतं. एका नाण्याचं खरं सांगायला आलो आणि छत्तिसांवर पाणी पडलं. ते एवढंच म्हणाले, “माझ्यावर ठेवू नका. बाईंनाच सगळी पुन्हा तपासायला सांगा. माझी यादी फाडून टाका.”

“तेच करणार आहे,” वहिनी म्हणाल्या आणि पुढची चड्डी मशीनखाली सरकवली. काका पायऱ्या उतरून खाली आले आणि रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले. आता घरी जायचं की दुकानात, हे काही केल्या ठरेना.

पुढे पाच आठवडे वहिनींकडून निरोप नाही. काका दुकान उघडायचे, पण काचेच्या पेटीला हात लावेनात. एरवी बारीकसारीक गोष्टींवरून दुकानदारांशी हुज्जत घालणारा माणूस, आता समोरचा म्हणेल त्याला मान डोलवायचा. बाजाराला चुकल्याचुकल्यासारखं झालं. भाजीवाली तर म्हणाली, “काका, तब्येत दाखवा. तुम्ही काल मला ‘अंदाजे’ म्हणालात.” घरी चहात साखर कशीही पडायला लागली, तेव्हा मात्र बायकोला खरी काळजी वाटली. ती एका दुपारी कुणाला न सांगता वहिनींकडे जाऊन आली. काय बोलणं झालं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा मलाही म्हणाली, “बायकांचं बोलणं. लिहू नका.”

सहाव्या आठवड्यात वहिनींचा निरोप आला. कपाट लागलंय, रविवारी सकाळी या. एवढंच.

काकांनी इस्त्रीचा सदरा घातला, मग काढला, मग पुन्हा घातला. संग्रहालयाचं दालन लांबट आणि थंड. लोक फारसे नव्हते. एका टोकाला नवं कपाट, वर जुळारीचं पूर्ण नाव स्वच्छ छापलेलं. वहिनी कपाटापाशी उभ्या होत्या. बाईंनी काकांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, “काका, छत्तीसच्या छत्तीस खरी आहेत. आणि वहिनींनी तुमची यादी फाडली नव्हती, मला दिली. आमच्या यंत्रात आणि तुमच्या काट्यात एका शतांशाचाही फरक आला नाही.” काकांनी मान हलवली, पण ते ऐकत नव्हते. त्यांची नजर कपाटात काहीतरी शोधत होती आणि ते सापडू नये असंही त्यांना वाटत होतं.

ते होतं. मधल्या फळीवर, सगळ्यांत जास्त उजेडात. दोन खांबांचं नाणं, आणि खाली चिठ्ठी. काकांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. ‘नक्कल. संग्राहकाचं सर्वांत आवडतं नाणं. वजन पूर्ण भरलं म्हणून मित्रानं खरं ठरवलं होतं. सव्वीस वर्षांनी त्याच मित्रानं स्वतः येऊन खोटं असल्याचं सांगितलं. इतकं झिजलेलं नाणं पूर्ण भरत नाही.’

“मजकूर वहिनींनी सांगितला,” बाई म्हणाल्या आणि कुणाला तरी भेटायला पुढे गेल्या.

काका काचेला नाक लावून उभे. चिठ्ठीत त्यांचं नाव नव्हतं, पण चूक होती, आणि ती तिथे कायमची राहणार होती. ती वाचून बरं वाटलं, हे कबूल करायला त्यांना लाज वाटली नाही. पण त्यांना दुसरंच काही पाहायचं होतं. नाण्याच्या काठावरच्या त्या दोन रेघा. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, गुडघे वाकवून खालून पाहिलं. कुठेच दिसेनात.

“खाली आहे ती बाजू,” मागून वहिनी म्हणाल्या. “लाकडात खोबण केलीय ना, तिच्यात बसवून घेतली. मी उभी राहून बसवून घेतली.”

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांसमोर रडले असते.

“चिठ्ठीतही लिहिलं नाही ते,” वहिनी म्हणाल्या. “लोकांना काय करायचंय? आणि भावजी, मी अजून रागावलेली आहे. बुधवारी या घरी, तेव्हा बोलू काय ते.”